ब्रायन कॉक्स : तागाच्या गिरण्यांचे शहर, रेपर्टरी रंगभूमी आणि एका स्कॉटिश अभिनेत्याची जडणघडण

सारांश

स्कॉटलंडमधील डंडी या शहरात १९४६ साली जन्मलेले ब्रायन कॉक्स हे रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत सहा दशकांहून अधिक काळ कार्यरत असलेले अभिनेते आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा आणि सामाजिक पार्श्वभूमीचा परिचय करून दिला आहे. त्यांचे यश केवळ उपजत प्रतिभेचे फळ नसून त्यामागे कामगारवस्तीतील अनुभव, सार्वजनिक निधीवर चालणारी स्थानिक रंगभूमी आणि उच्च शिक्षणासाठी मिळालेले अनुदान या तीन गोष्टी उभ्या आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ब्रायन कॉक्स, डंडी, ताग उद्योग, रेपर्टरी रंगभूमी, अभिनय शिक्षण, सामाजिक चलनशीलता

प्रस्तावना

अभिनेत्याच्या जीवनाविषयी लिहिताना त्याच्या गाजलेल्या भूमिकांची यादी देणे आणि तो जन्मजात कलावंत होता असा निर्वाळा देणे ही सर्वसाधारण पद्धत आहे. या पद्धतीत एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला राहतो. तो म्हणजे, गरीब घरातील मुलगा रंगमंचापर्यंत पोहोचतो कसा? त्याच्यासाठी दार कोण उघडते? प्रशिक्षणाचा खर्च कोण सोसतो? चुका करत शिकण्यासाठी लागणारा अवकाश त्याला कोठे मिळतो? कलावंताच्या चरित्राकडे या प्रश्नांच्या अनुषंगाने पाहिले तर ते एका व्यक्तीचे चरित्र राहत नाही; त्यातून एका काळाचा आणि त्या काळातील संस्थांचा इतिहासही उलगडत जातो.

ब्रायन कॉक्स यांचे चरित्र या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. २०१८ ते २०२३ या काळात प्रसारित झालेल्या 'सक्सेशन' या अमेरिकन मालिकेतील लोगन रॉय या भूमिकेमुळे ते जगभर घरोघरी पोहोचले. त्यावेळी त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. तथापि ब्रिटिश रंगभूमीच्या अभ्यासकांना त्यांची ओळख त्यापूर्वी चार-पाच दशके होती. वयाच्या पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला, वडिलांच्या मृत्यूनंतर दारिद्र्यात वाढलेला हा मुलगा पुढे शेक्सपिअरचा लिअर राजा साकारतो आणि आपल्याच शहरातील विद्यापीठाचा रेक्टर होतो, हा प्रवास समजून घेणे शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने उपयुक्त आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. ब्रायन कॉक्स यांच्या कौटुंबिक व सामाजिक पार्श्वभूमीचा परिचय करून देणे.
२. त्यांच्या जडणघडणीतील रेपर्टरी रंगभूमी व अभिनय शिक्षण यांचे स्थान स्पष्ट करणे.
३. रंगमंच व पडदा या दोन्ही माध्यमांतील त्यांच्या प्रमुख भूमिकांचा आढावा घेणे.
४. या चरित्राच्या आधारे प्रतिभा आणि संधी यांच्यातील संबंधाचा विचार करणे.

१. डंडी शहर आणि तागाचा उद्योग

डंडी हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या खाडीकाठी वसलेले शहर आहे. ताग, मुरांबे आणि वृत्तपत्रे या तीन व्यवसायांसाठी ते ओळखले जात असे. त्यांपैकी शहराचे खरे पोट चालत होते ते तागावर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे जवसाच्या धाग्यापासून, म्हणजे फ्लॅक्सपासून, जाडेभरडे कापड विणले जाई. बंगालमधून येणाऱ्या तागाचा धागा ठिसूळ असल्याने तो यंत्रावर टिकत नसे. देवमाशाचे तेल व पाणी यांच्या मिश्रणाने ताग मऊ करता येतो हे लक्षात आल्यावर ही अडचण दूर झाली. डंडी हे देवमाशांच्या शिकारीचे बंदर असल्याने तेलाची उणीव नव्हती. १८५३ ते १८५६ या काळातील क्रिमियन युद्धामुळे रशियातून येणारा फ्लॅक्स अडला आणि तागाची मागणी वाढली. अमेरिकेतील यादवी युद्धाने त्या मागणीत भर घातली. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरातील काम करणाऱ्या लोकसंख्येपैकी जवळजवळ निम्मे लोक तागाच्या गिरण्यांत होते.

या उद्योगाचे दुसरे टोक भारतात होते. १८५५ साली हुगळीकाठी रिश्रा येथे पहिली ताग गिरणी उभी राहिली. त्यानंतर कोलकात्याच्या परिसरात गिरण्यांची रांगच लागली. त्यांतील व्यवस्थापक, अभियंते व देखरेख करणारे यांपैकी पुष्कळसे डंडीहून येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याने डंडीला मागे टाकले. म्हणजे डंडीच्या माणसांनी जे कौशल्य परदेशी नेले, तेच त्यांच्या शहराच्या उतरणीस कारणीभूत ठरले.

या गिरण्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. स्त्रियांना कमी मजुरी द्यावी लागत असल्याने मालक त्यांना पसंती देत. घरातील स्त्री कमावती आणि पुरुष बेकार, असे चित्र सर्रास दिसे. अशा पुरुषांना शहरात 'केटल-बॉयलर', म्हणजे घरी बसून चहाचे आधण ठेवणारे, असे उपहासाने म्हटले जाई. गिरणीतही प्रतवारी होती. मागावर काम करणाऱ्या विणकर स्त्रिया कताई खात्यातील स्त्रियांपेक्षा स्वतःला वरच्या दर्जाच्या मानत. यंत्रांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसल्याने ओठांच्या हालचाली व हातवारे यांवरून संवाद साधण्याची एक स्वतंत्र रीत तेथे रूढ झाली होती. कॉक्स यांच्या आईने याच कताई खात्यात काम केले होते.

२. कौटुंबिक पार्श्वभूमी व बालपण

ब्रायन कॉक्स यांचा जन्म १ जून १९४६ रोजी डंडी येथे एका रोमन कॅथलिक कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. कुटुंबाची मुळे आयर्लंडमध्ये होती. एकोणिसाव्या शतकात दुष्काळ व बेकारी यांमुळे आयर्लंडमधून हजारो कुटुंबे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि डंडीसारख्या गिरणगावांत येऊन स्थायिक झाली होती. प्रॉटेस्टंट बहुसंख्येच्या देशात हा समाज धर्माने वेगळा आणि आर्थिकदृष्ट्या तळाशी होता. आपण स्कॉटिश आहोत की आयरिश, हा प्रश्न कॉक्स यांच्या बोलण्यात व लेखनात वारंवार येतो, त्याचे कारण येथे आहे.

त्यांचे वडील किराणा दुकान चालवत. वस्तीतील गरजू गिऱ्हाइकांना ते सढळ हाताने उधारी देत. कॉक्स आठ वर्षांचे असताना वडिलांचा कर्करोगाने मृत्यू झाला. उधारी वसूल झाली नाही आणि कुटुंब एकाएकी निराधार झाले. कॉक्स यांनी सांगितले आहे की त्यावेळी घरात केवळ १० पौंड शिल्लक होते. पतिनिधनाचा धक्का आईला सोसला नाही. तिला वारंवार मानसिक आजाराचे झटके आले व रुग्णालयात राहावे लागले. या काळात लहानग्या ब्रायनचा सांभाळ प्रामुख्याने मोठ्या बहिणींनी केला. मासे व बटाटे तळून विकणाऱ्या दुकानात जाऊन तळणीतील उरलेला चुरा मागून आणल्याची आठवण त्यांनी नमूद केली आहे.

'पुटिंग द रॅबिट इन द हॅट' हे त्यांचे आत्मचरित्र २०२१ साली प्रसिद्ध झाले. बालपणाचे बरेचसे तपशील त्यातून आणि त्यांच्या मुलाखतींतून मिळतात. आत्मकथन हे नेहमीच निवडून सांगितलेले असते, ही मर्यादा अभ्यासकाने लक्षात ठेवावयास हवी. तथापि वडिलांचा मृत्यू, आईचा आजार आणि बहिणींचा आधार ही त्रिसूत्री त्यांच्या सर्व कथनांत सारखीच आढळते.

शालेय शिक्षणाची स्थितीही आशादायक नव्हती. तत्कालीन स्कॉटिश पद्धतीत बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची विभागणी होई. हुशार ठरलेली मुले वरिष्ठ माध्यमिक शाळेत जात, तर उरलेली कनिष्ठ माध्यमिक शाळेत. दुसऱ्या गटातील मुलांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामास लागावे अशी अपेक्षा असे. कॉक्स या दुसऱ्या गटात होते. विद्यापीठात जाण्याचा मार्ग त्यांच्यासाठी बाराव्या वर्षीच जवळपास बंद झाला होता.

शाळेने जे दिले नाही ते काही अंशी चित्रपटगृहांनी दिले. डंडीतील कामगारांच्या करमणुकीचे ते मुख्य साधन होते. १९६० साली आलेल्या 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' या चित्रपटात अल्बर्ट फिनी यांनी कारखान्यातील कामगाराची भूमिका केली होती. आपल्यासारखी माणसे, आपल्यासारख्या बोलीत पडद्यावर वावरू शकतात, ही जाणीव त्या पिढीतील अनेक तरुणांप्रमाणे कॉक्स यांनाही या चित्रपटाने दिली.

३. डंडी रेपर्टरी थिएटर : पहिली शाळा

शाळा सोडल्यावर १९६१ च्या सुमारास कॉक्स डंडी रेपर्टरी थिएटरमध्ये कामाला लागले. 'रेपर्टरी' म्हणजे ठरावीक नटसंच कायमस्वरूपी बाळगून एकाच नाट्यगृहात ठरावीक काळाने नवनवी नाटके सादर करणारी संस्था. ब्रिटनमधील बहुतेक मध्यम शहरांत अशी नाट्यगृहे होती. डंडीची संस्था १९३९ साली स्थापन झाली होती. दर काही आठवड्यांनी नवे नाटक उभे करावे लागत असल्याने तेथील नटाला एका हंगामात विनोदी, रहस्यप्रधान, अभिजात अशा सर्व प्रकारच्या भूमिका कराव्या लागत.

कॉक्स यांना सुरुवातीला अभिनय करावयाचा नव्हता. रंगमंच झाडणे, निरोप पोहोचवणे, सामान हलवणे अशी पडेल ती कामे त्यांच्याकडे होती. पण या कामांमुळे त्यांना तालमी पाहावयास मिळाल्या. पुढे विख्यात झालेले निकोल विल्यमसन हेही त्या काळात डंडीच्या नटसंचात होते. नट भूमिकेवर कसे काम करतो, एकच वाक्य किती प्रकारे म्हणून पाहतो, प्रयोग फसला की काय होते, हे सारे त्या मुलाने जवळून पाहिले. वडिलांच्या मृत्यूनंतर विस्कटलेल्या घरातील मुलाला नाट्यगृहात दुसरे कुटुंबच मिळाले, असे त्यांच्या कथनावरून म्हणता येते.

येथे एक बाब विशेष नमूद करावयास हवी. १९४६ साली, म्हणजे कॉक्स यांच्या जन्मवर्षीच, ब्रिटनमध्ये आर्ट्स कौन्सिलची स्थापना झाली. कलांना सार्वजनिक निधीतून साहाय्य करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व त्यामुळे संस्थारूपाने मान्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कल्याणकारी राज्याचा तो एक भाग होता. लंडनबाहेरच्या रेपर्टरी संस्थांना या धोरणाचा आधार मिळाला. गिरणीकामगारांच्या शहरात व्यावसायिक नाट्यगृह टिकून होते, म्हणूनच शाळा सोडलेल्या मुलाला चालत जाण्याच्या अंतरावर ते सापडले.

१९६३ साली डंडी रेपर्टरीची इमारत आगीत भस्मसात झाली. संस्थेने एका जुन्या चर्चमध्ये बिऱ्हाड हलवले आणि १९८२ साली टे स्क्वेअर येथे तिची नवी वास्तू उभी राहिली. याच १९६३ साली कॉक्स पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले.

४. लंडनमधील प्रशिक्षण आणि अनुदानाची व्यवस्था

१९६३ ते १९६५ या काळात कॉक्स यांनी लंडन अकॅडमी ऑफ म्युझिक अँड ड्रॅमॅटिक आर्ट या संस्थेत अभिनयाचे शिक्षण घेतले. आवाज, देहबोली आणि अभिजात नाट्यसंहितेचे वाचन यांवर तेथे भर होता. रेपर्टरीत निरीक्षणातून मिळालेल्या ज्ञानाला येथे शिस्त लाभली.

प्रश्न असा की, मिळकतीचे साधन नसलेल्या घरातील मुलाने लंडनमध्ये दोन वर्षे राहण्याचा खर्च कसा भागवला? याचे उत्तर तत्कालीन अनुदान व्यवस्थेत आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९६२ च्या शिक्षण कायद्याने विद्यापीठीय विद्यार्थ्यांना शुल्क व निर्वाह यांसाठी अनुदान देणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केले. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी असली तरी तत्त्व तेच होते. कर्ज न काढता शिकता आले, म्हणूनच आपण अभिनेता होऊ शकलो, असे कॉक्स यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे.

याच सुमारास ब्रिटिश रंगभूमीची अभिरुची बदलत होती. १९५६ साली रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जॉन ऑस्बर्न यांच्या 'लुक बॅक इन अँगर' या नाटकाचा प्रयोग झाल्यापासून कामगारवर्गातील पात्रे व प्रादेशिक उच्चार रंगमंचावर प्रतिष्ठित होऊ लागले होते. त्यापूर्वीच्या स्कॉटिश नटाला लंडनमध्ये काम मिळवायचे तर उच्चभ्रू इंग्रजी उच्चार आत्मसात करणे व मूळची बोली दडवणे भाग पडे. कॉक्स यांच्या पिढीने प्रमाण उच्चार शिकून घेतले, पण स्वतःची बोली टाकून दिली नाही.

५. रंगभूमीवरील वाटचाल

१९६५ साली एडिनबरा येथे टॉम फ्लेमिंग यांच्या दिग्दर्शनाखाली रॉयल लायसियम थिएटर कंपनी सुरू झाली. कॉक्स तिच्या पहिल्या नटसंचात होते. तेथे त्यांना फुल्टन मकाय या ज्येष्ठ स्कॉटिश नटाचा सहवास लाभला. नामवंत होण्याची घाई न करता आधी चांगला नट होण्याकडे लक्ष द्यावे, हा मकाय यांचा उपदेश आपल्याला आयुष्यभर पुरला, असे कॉक्स सांगतात. त्यानंतर बर्मिंगहॅम रेपर्टरीत त्यांनी 'पीअर गिंट' आणि 'ऑथेल्लो'मधील इयागो यांसारख्या मोठ्या भूमिका केल्या. १९६७ साली 'ॲज यू लाइक इट'मधील ऑर्लँडोच्या भूमिकेतून लंडनच्या वेस्ट एंडमध्ये त्यांचे पदार्पण झाले. १९६९ साली रॉयल कोर्टमध्ये डेव्हिड स्टोरी यांच्या 'इन सेलिब्रेशन' या नाटकात त्यांनी काम केले. खाणकामगाराचे शिकलेले मुलगे आईवडिलांच्या घरी परततात, हा त्या नाटकाचा विषय कॉक्स यांच्या स्वतःच्या स्थित्यंतराशी मिळताजुळता होता.

त्यांच्या रंगभूमीवरील कारकिर्दीचा उत्कर्षकाळ १९८४ ते १९९१ हा मानता येईल. १९८४ साली रॉन हचिन्सन यांच्या 'रॅट इन द स्कल' या नाटकात त्यांनी उत्तर आयर्लंडमधील पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली. हा अधिकारी आयरिश रिपब्लिकन संशयिताची उलटतपासणी घेतो. आयरिश कॅथलिक वंशाच्या नटाने अल्स्टरच्या प्रॉटेस्टंट अधिकाऱ्याच्या मनात शिरावयाचे होते. या भूमिकेसाठी त्यांना ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला.

१९८७ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी डेबोरा वॉर्नर यांनी 'टायटस अँड्रॉनिकस' हे नाटक कोणतीही काटछाट न करता सादर केले. हात तोडणे, जीभ छाटणे, नरमांस खाऊ घालणे अशा प्रसंगांमुळे हे नाटक रंगमंचावर हास्यास्पद ठरण्याची भीती असते. कॉक्स यांनी त्या भीतीपासून पळ न काढता पात्रातील विकट विनोद स्वतःच पुढे आणला. प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी हादरतो, असा परिणाम त्यातून साधला गेला. या भूमिकेने त्यांना दुसरा ऑलिव्हिए पुरस्कार मिळवून दिला.

१९९० साली नॅशनल थिएटरमध्ये वॉर्नर यांच्याच दिग्दर्शनाखाली त्यांनी 'किंग लिअर' केले. वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट'मुळे लिअरची शोकांतिका मराठी वाचकाला सुपरिचित आहे. कॉक्स यांचा लिअर प्रारंभीच्या प्रवेशात चाकाच्या खुर्चीतून येतो. राज्याची वाटणी हा त्याला गमतीचा खेळ वाटतो आणि त्या खेळातूनच सर्वनाश सुरू होतो. याच संचाच्या 'रिचर्ड द थर्ड' या नाटकात इयन मकेलन रिचर्ड होते, तर लिअरमध्ये ते केंटची भूमिका करत. दोन्ही नाटकांचा जपान व पूर्व युरोपसह अनेक देशांत दौरा झाला. ब्रॉडमूर येथील सुरक्षा-मनोरुग्णालयातही लिअरचा प्रयोग झाला. मानसिक आजाराच्या छायेत बालपण गेलेल्या नटाने वेडाच्या सीमेवरील राजा अशा प्रेक्षकांसमोर उभा करणे, ही घटना त्यांच्या चरित्रात वेगळी उठून दिसते. या अनुभवांवर आधारित 'द लिअर डायरीज' हे त्यांचे पुस्तक १९९२ साली प्रसिद्ध झाले.

कॉक्स यांनी अध्यापनही केले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मॉस्को आर्ट थिएटरच्या अभिनय विद्यालयात त्यांनी शिकवले व तेथील विद्यार्थ्यांना घेऊन आर्थर मिलर यांचे 'द क्रुसिबल' बसवले. त्याचा वृत्तांत 'सेलम टू मॉस्को' या १९९१ च्या पुस्तकात आहे.

६. चित्रपट आणि दूरचित्रवाणी

चित्रपटात कॉक्स यांनी १९७१ च्या 'निकोलस अँड अलेक्झांड्रा'मध्ये ट्रॉट्स्कीची भूमिका केली होती. तथापि त्यांची खरी दखल घेतली गेली ती १९८६ साली मायकेल मान यांच्या 'मॅनहंटर'मुळे. हॅनिबल लेक्टर हे पात्र पडद्यावर प्रथम साकारणारे अभिनेते कॉक्स होत. मोजक्याच प्रसंगांतील ही भूमिका त्यांनी शांत, सभ्य आणि म्हणूनच अधिक भयावह केली. पीटर मॅन्युएल या १९५८ साली फाशी गेलेल्या स्कॉटलंडमधील खुन्याचे उदाहरण आपल्यासमोर होते, असे त्यांनी सांगितले आहे. पुढे हेच पात्र 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये अँथनी हॉपकिन्स यांनी केले व त्यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. या दोघांनीही नॅशनल थिएटरमध्ये लिअर केला, हा एक लक्षणीय योगायोग आहे.

१९९० च्या दशकात कॉक्स यांनी अमेरिकेकडे मोर्चा वळवला. आपण नायक नसून चरित्र अभिनेते आहोत आणि अशा नटाला अमेरिकन चित्रपटात अधिक वाव आहे, असा त्यांचा हिशेब होता. १९९५ साली 'ब्रेव्हहार्ट' व 'रॉब रॉय' या स्कॉटिश इतिहासावरील दोन्ही चित्रपटांत ते दिसले. 'रशमोर' (१९९८), 'द बॉर्न आयडेंटिटी' (२००२), 'अडॅप्टेशन' (२००२), 'एक्स-टू' (२००३), 'ट्रॉय' (२००४) ही त्यांपुढील काही ठळक नावे. 'न्युरेंबर्ग' या २००० सालच्या दूरचित्रवाणी मालिकेतील हेर्मान गोरिंगच्या भूमिकेसाठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला.

'सक्सेशन'मधील लोगन रॉय हा प्रसारमाध्यमांचे साम्राज्य उभारणारा वृद्ध उद्योगपती आहे. आपला वारस कोण, या प्रश्नावर तो मुलांना झुलवत ठेवतो. लिअरचे सावट या कल्पनेवर स्पष्ट आहे. या पात्राचा जन्म कॅनडातील क्यूबेक येथे झाला असे आरंभी ठरले होते; पुढे ते बदलून डंडी करण्यात आले. दुसऱ्या पर्वातील 'डंडी' याच नावाच्या भागाचे चित्रीकरण २०१९ साली त्या शहरात झाले. या भूमिकेसाठी २०२० साली कॉक्स यांना गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला.

लोगन आणि कॉक्स एकाच शहरातले, एकाच प्रकारच्या दारिद्र्यातून आलेले. पण त्या दारिद्र्यातून दोघांनी काढलेले निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. जगात कोणी कोणाचे नसते, म्हणून सत्ता हाती हवी, असे लोगनचे सूत्र आहे. समाजाने हात दिला म्हणून आपण उभे राहिलो, असे कॉक्स सांगतात.

७. मूळ शहराशी नाते

परदेशी स्थिरावल्यावरही कॉक्स यांनी डंडीशी संबंध तोडला नाही. २००४ साली त्यांनी एडिनबरा येथे 'अंकल व्हॅनिया'च्या जॉन बर्न यांनी केलेल्या स्कॉटिश रूपांतरात प्रमुख भूमिका केली. २००९ साली बीबीसीच्या 'ब्रायन कॉक्सेस ज्यूट जर्नी' या माहितीपटासाठी ते कोलकात्यास आले. डंडीहून हुगळीकाठच्या गिरण्यांत आलेल्या स्कॉटिश माणसांचा आणि तेथील स्कॉटिश दफनभूमीचा मागोवा त्यांनी घेतला. आईच्या हातातून जो धागा गेला तो कोठून येत होता, हे पाहण्याचा हा प्रयत्न होता.

२०१० साली डंडी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना रेक्टर म्हणून निवडून दिले. स्कॉटलंडमधील जुन्या परंपरेनुसार रेक्टर हा विद्यार्थ्यांनी निवडलेला व विद्यापीठाच्या कारभारात त्यांची बाजू मांडणारा प्रतिनिधी असतो. २०१३ साली त्यांची फेरनिवड झाली व २०१६ पर्यंत ते या पदावर होते. २०१४ च्या सार्वमतात त्यांनी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा जाहीर पुरस्कार केला. पूर्वी ते मजूर पक्षाचे पाठीराखे होते.

२०१५ साली रॉयल लायसियमच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त त्यांनी बिल पॅटरसन यांच्यासह 'वेटिंग फॉर गोदो' केले. २०२४ साली लंडनमध्ये युजीन ओनील यांच्या 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट' या नाटकात ते जेम्स टायरोन झाले. टायरोन हा आयरिश स्थलांतरिताचा मुलगा, बालपणीच्या दारिद्र्याच्या धास्तीने कंजूष झालेला नट आहे आणि त्याची पत्नी व्यसनाने मनःस्वास्थ्य गमावून बसली आहे. कॉक्स यांच्या बालपणाशी असलेले या भूमिकेचे साम्य वेगळे सांगावयास नको. २०२५ साली जेम्स ग्रॅहम यांच्या 'मेक इट हॅपन' या नाटकात अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथच्या भुताची भूमिका त्यांनी केली. त्याचे पहिले प्रयोग डंडी रेपर्टरी थिएटरमध्येच झाले. ज्या संस्थेत त्यांनी फरशी झाडली, तिच्याच रंगमंचावर साठहून अधिक वर्षांनी ते परतले.

८. चर्चा : प्रतिभा आणि संधी

वरील विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. अनुदान व रेपर्टरी यांचा लाभ त्या काळात हजारो तरुणांना मिळाला. ते सर्व ब्रायन कॉक्स झाले नाहीत. तेव्हा श्रेय प्रतिभेलाच द्यावयास हवे. हा आक्षेप अंशतः खरा आहे. संस्था प्रतिभा निर्माण करत नाहीत. परंतु प्रतिभा असूनही संस्थांच्या अभावी जी मुले गिरणीत किंवा बेकारांच्या रांगेत राहिली, त्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत. यशस्वी माणसांकडे पाहून केवळ प्रतिभेचा निष्कर्ष काढणे म्हणूनच अपुरे ठरते.

दुसरी बाब कालमानाची. इंग्लंडमध्ये १९९८ साली वार्षिक १,००० पौंड शुल्क लागू झाले. २००६ साली त्याची मर्यादा ३,००० पौंड व २०१२ साली ९,००० पौंड झाली. स्कॉटलंडने आपल्या विद्यार्थ्यांना स्कॉटलंडमध्ये शिकताना या शुल्कातून मुक्त ठेवले आहे. पण डंडीतील मुलाला १९६३ सालच्या कॉक्सप्रमाणे लंडनला जावयाचे असेल तर त्याच्यापुढे मुख्यतः कर्जाचाच मार्ग उरतो. कायमस्वरूपी नटसंच बाळगणाऱ्या रेपर्टरी संस्थाही ब्रिटनमध्ये आता अपवादानेच आढळतात. त्यांतील एक डंडीची आहे, ही समाधानाची बाब होय. आपल्यासारख्या मुलाला हा मार्ग आज अवघड आहे, ही कॉक्स यांची तक्रार त्यामुळे स्मरणरंजन म्हणून सोडून देता येत नाही.

निष्कर्ष

१. ब्रायन कॉक्स यांच्या अभिनयातील सत्ताधीश, पिता व एकाकी वृद्ध या वारंवार येणाऱ्या प्रतिमांचे धागे पितृवियोग, आईचा आजार व दारिद्र्य यांनी घडवलेल्या बालपणाशी जुळतात.

२. औपचारिक शाळेने ज्याला कनिष्ठ ठरवले त्या मुलाला स्थानिक रेपर्टरी रंगभूमीने शिक्षण दिले. बाराव्या वर्षी केलेली विभागणी विद्यार्थ्याची क्षमता ओळखण्यास अपुरी होती, हे या उदाहरणावरून दिसते.

३. सार्वजनिक निधीवरील नाट्यगृह व शिक्षणासाठीचे अनुदान या दोन गोष्टी एकाच वेळी उपलब्ध असल्यानेच त्यांना व्यावसायिक अभिनयाचा मार्ग खुला झाला.

४. रंगभूमीवर दीर्घकाळ मिळालेल्या विविध भूमिकांच्या अनुभवामुळे त्यांना उतारवयात पडद्यावरील सर्वोच्च यश मिळवता आले. चरित्र अभिनेत्याची वाढ संथ असते आणि तिला दीर्घ मुदतीचा सांस्थिक आधार लागतो.

५. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलाला चौसष्टाव्या वर्षी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपला रेक्टर निवडले. विद्यार्थ्याविषयी लवकर दिलेला निकाल अंतिम मानू नये, हा या चरित्रातून शिक्षकाने घ्यावयाचा बोध आहे.